एक गाव, तीन राज्यं आणि माझी खाडाखोड

"मॅडम, एक मुलगी एकाच वेळी दोन राज्यांत जन्माला येऊ शकत नाही," रहांगडाले साहेब म्हणाले आणि फाईल त्यांनी माझ्याकडे सरकवली. "आणि तिच्या आईचं तर विचारूच नका. ती अशा राज्यात जन्मलीय, जे पृथ्वीवरच नाही."

मंगळवार होता. सकाळचे साडेअकरा. मी विद्यापीठाच्या पात्रता विभागात, साहेबांच्या टेबलासमोर, ज्या खुर्चीवर कोणी फार वेळ बसू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली असते तशा खुर्चीवर बसले होते. ती खुर्ची मला चांगली ठाऊक आहे. मीच ठेवली होती ती तिथे.

आधी माझी ओळख करून देते. मी बापट. एकतीस वर्षं याच विद्यापीठात नोकरी केली. आधी आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या खात्यात. मग परदेशी विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची तपासणी. निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत घरच्यांनाही कळलं की मी घरात बसण्याच्या लायकीची नाही. मी म्हणे डब्यांवरच्या लेबलांच्या चुका काढत होते. तेव्हा वाघोलीच्या एका कॉलेजनं परदेशी विद्यार्थ्यांचं डेस्क सांभाळायला बोलावलं, आणि सदाशिव पेठेपासून वाघोलीपर्यंतचा रोजचा बसप्रवास मी आनंदानं पत्करला. आनंदानं म्हणजे नगर रोडवर जेवढा शक्य आहे तेवढ्या.

रहांगडाले माझ्याच हाताखाली तयार झाले. चौऱ्याण्णव साली क्लार्क म्हणून लागले, आज सहायक कुलसचिव आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "खाडाखोड दिसली की फाईल परत. विचार करायचा नाही. विचार करायला लागलात की संध्याकाळ होते." ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की त्यांची बढती होत गेली.

आता ज्या मुलीची फाईल होती, ती फोलाके. नायजेरियाची, वय एकतीस, आमच्याकडे एम.फार्म. करायला आलेली. दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला, पास झाली, पण निकाल राखीव. एलिजिबिलिटी म्हणजे पात्रता: विद्यार्थ्याचे सगळे कागद एकमेकांशी जुळतात ना, हे विद्यापीठानं तपासून दिलेली मान्यता. ती कच्ची असेल तर परीक्षेला बसू देतात, पण निकाल कपाटात ठेवतात. मार्कशीट हातात येत नाही. फोलाकेची दोन वर्षं कच्चीच राहिली होती, कारण तिची फाईल कोणी उघडलीच नव्हती. उघडली ती निकाल लागल्यावर. आमच्याकडे असंच असतं.

फाईलवर दोन हरकती होत्या. पहिली: जन्मदाखल्यावर 'ओंडो राज्य', पासपोर्टवर 'एकिटी राज्य'. दुसरी: आईच्या जन्मस्थळात 'वेस्टर्न स्टेट' लिहिलंय, ते नकाशात सापडत नाही.

"साहेब, गाव तेच आहे ना?" मी विचारलं. "अडो-एकिटी. तिन्ही ठिकाणी."

"गाव तेच असेल. राज्य वेगळं आहे. आणि ही दोन्ही राज्यं आजही आहेत, मी इंटरनेटवर पाहिलं. शेजारी-शेजारी. म्हणजे कोल्हापूरही महाराष्ट्रात आणि कोल्हापूरच कर्नाटकात म्हटल्यासारखं झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुमच्याकडूनच शिकलोय. कागद जुळत नाही म्हणजे जुळत नाही."

माझीच तलवार, माझ्याच मानेवर. फाईल काखोटीला मारून मी बाहेर पडले.

कॉलेजात पोचले तर फोलाके माझ्या डेस्कपाशी बसून होती. मला बघताच उठली, एक गुडघा किंचित वाकवला आणि म्हणाली, "गुड आफ्टरनून, मा."

या 'मा'चं सांगायला हवं. फोलाके योरुबा. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईशी बोलताना प्रत्येक वाक्याला 'मा' लावतात, आणि नमस्कार करताना गुडघा टेकवतात. पहिल्या दिवशी मी तिला खडसावलं होतं, "मी तुझी मा वगैरे नाही, मॅडम म्हण." तिनं मान डोलावली आणि म्हणाली, "येस, मा." नंतर कळलं की हे आपल्या 'अहो'सारखं आहे. मग मीही सोडून दिलं. खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं.

"काय झालं, मा?" तिनं विचारलं.

मी दोन्ही हरकती सांगितल्या. तिनं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसली. मग अचानक हसायची थांबली. "मा, शुक्रवार."

तो शुक्रवार मलाही पाठ होता. तिच्या गावातल्या, अडो-एकिटीच्याच पॉलिटेक्निकमध्ये तिची लेक्चरर म्हणून निवड झाली होती. मार्कशीटची प्रत शुक्रवारी ऑफिस बंद व्हायच्या आत पोचली नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला ती जागा जाणार होती. चार वर्षांतून एकदा निघालेली जागा. "नायजेरिया आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे," मी म्हणाले. "तेवढे तास जास्तीचे धर." धीर द्यायची माझी पद्धत ही अशी.

आमचा क्लार्क जगताप पलीकडून ऐकत होता. जगताप मूळचा वाघोलीचाच, पिढ्यान् पिढ्यांचा. मदतीला कायम तयार; फक्त मदत झाल्यावर गोष्ट आधीपेक्षा अवघड होते. तो म्हणाला, "मॅडम, सोप्पं हाय. गॅझेट काढायचं. नाव बदललं की काढतात ना आपल्याकडं, तसं. जन्मस्थळ बदलल्याचं गॅझेट."

"जगताप, माणूस नाव बदलतो. जन्मलेलं गाव कसं बदलेल?"

"ते गॅझेटवाल्यांना विचारू की."

फोलाकेला थोडं मराठी येतं. तिला 'गॅझेट' समजलं. ती म्हणाली, "पण गॅझेट आहे ना, मा. आमच्या सरकारनं काढलेलं. मी नाही बदलले, राज्यच बदललं."

आणि हरकतींच्या नोटिशीच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तिनं मला तिच्या देशाचा इतिहास काढून दाखवला. एक मोठा वेडावाकडा बटाटा काढला. "हे वेस्टर्न स्टेट. एकोणीसशे सदुसष्टला लष्करी सरकारनं देशाचे बारा तुकडे केले, त्यातला हा एक. राजधानी इबादान. योरुबा लोकांची बरीचशी शहरं यातच." मग बटाट्यात दोन रेघा मारल्या. "शहात्तरला याचे तीन झाले. ओगून, ओयो, ओंडो. वेस्टर्न स्टेट संपलं. नऊ वर्षं जगलं." मग ओंडोच्या तुकड्यात वरच्या बाजूला आणखी एक रेघ. "आणि शहाण्णवला यातून एकिटी निघालं. माझा जन्म चौऱ्याण्णवचा. म्हणून मी ओंडोत जन्मले आणि एकिटीची आहे."

"आणि तुझी आई?"

"अडुसष्टची. वेस्टर्न स्टेट. आणि माझा धाकटा भाऊ अठ्ठ्याण्णवचा, तो एकिटीत जन्मला. मा, आम्ही तिघं एकाच घरात जन्मलो. एकाच खोलीत."

जगताप खदाखदा हसला. "आवं, हे तर आमच्यासारखंच हाय! मी वाघोली ग्रामपंचायतीत झोपलो आन् सकाळी महापालिकेत उठलो. माझ्या आधारवर एक पत्ता, बायकोच्या आधारवर दुसरा. घर तेच, म्हस बी तीच."

गोष्ट मला पटली. पण मला पटून उपयोग नव्हता; फाईलला पटायला हवी होती, आणि फाईलला फक्त कागद पटतो. मी त्यांच्या दूतावासाला फोन लावला. अत्यंत गोड आवाजाच्या बाईंनी सांगितलं की राज्यनिर्मितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळेल, पंधरा कामकाजी दिवसांत. मी त्यांना शुक्रवारबद्दल सांगितलं. त्या आणखी गोड आवाजात म्हणाल्या, "पंधरा, मॅडम."

बुधवारी सकाळी फोलाकेनं आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्यासमोर उभा केला. पडद्यावर डोक्याला निळं फडकं घट्ट गुंडाळलेल्या एक बाई आल्या. शिक्षिका होत्या, त्यामुळे पाच मिनिटांत आमचं जमलं. शिक्षिका आणि तपासणी क्लार्क यांचा स्वभाव सारखाच असतो; दोघीही समोरच्यानं चूक केली आहे असं धरूनच सुरुवात करतात.

"माझ्या वडिलांना एका दाखल्यासाठी इबादानला जावं लागायचं," त्या म्हणाल्या. "पूर्ण दिवस मोडायचा. माझ्या वेळेला अकुरेला, ती ओंडोची राजधानी. आणि फोलाकेला? रस्ता ओलांडायचा. एकिटी झालं त्या दिवशी आम्ही रस्त्यावर नाचलो. लोक विचारतात, राज्यं सारखी का कापता? मी सांगते, दाखला काढायला कधी शंभर मैल गेला आहात का?"

मी टाळीच वाजवली. मग मुद्द्यावर आले. "बाई, मला एकच कागद हवाय, ज्यावर ही राज्यं एकाखाली एक दिसतील. सरकारी किंवा शाळेचा, काहीही."

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "फोलाके, तुझा प्रायमरीचा दाखला. कापाकापीचा."

फोलाके फोन उगाच सरळ करायला लागली. आईनं पुन्हा विचारलं. मग ती हळूच म्हणाली, "मम्मी, तो ॲडमिशनच्या वेळी दिला होता. मॅडमनी परत केला."

"कोणत्या मॅडमनी?"

फोलाकेनं माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. मला तो कागद आठवला आणि कानशिलं तापली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ॲडमिशनच्या गर्दीत फोलाकेनं एक पिवळा पडलेला दाखला पुढे केला होता. वरच्या छापील मथळ्यावर आडवी रेघ, त्याच्यावर शिक्का, त्या शिक्क्यावरही रेघ, आणि वर हातानं काहीतरी लिहिलेलं. मी तो दोन बोटांत धरून म्हटलं होतं, "खाडाखोड आहे. चालणार नाही. स्वच्छ काहीतरी आण." मी वाचलासुद्धा नाही. ती निमूटपणे तो परत घेऊन गेली आणि स्वच्छ जन्मदाखला घेऊन आली. त्या स्वच्छ दाखल्यावर फक्त ओंडो होतं. म्हणजे जो एक कागद सगळं सांगत होता, तो मीच फाईलमधून बाहेर काढला होता. आणि आता मीच दारोदार कागद मागत फिरत होते. बाई, म्हटलं, धन्य आहे तुझी!

"आहे का अजून तुझ्याकडे?" मी विचारलं.

"आहे, मा. तुम्ही परत दिलात म्हणून जपून ठेवला. वाटलं, पुण्यात कधीतरी कोणीतरी घेईल."

तिनं बॅगेतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. या वेळी मी तो कागद दोन बोटांत नाही, दोन्ही हातांत धरला आणि चष्मा लावून वाचला. वर छापलेलं 'वेस्टर्न स्टेट ऑफ नायजेरिया'. त्यावर रेघ, बाजूला 'ओंडो स्टेट' असा निळा शिक्का, शेजारी सही. त्या शिक्क्यावर रेघ, वर सुबक अक्षरात 'एकिटी स्टेट', शेजारी दुसरी सही आणि शाळेचा गोल शिक्का. खाली जन्मस्थळ: अडो-एकिटी. तिथे मात्र एकही रेघ नव्हती.

"हे असं कसं?" मी पडद्यावर विचारलं.

आई हसल्या. "वेस्टर्न स्टेट होतं तेव्हा इबादानहून फॉर्मचा एवढा मोठा गठ्ठा आला होता. शाळा छोटी, मीही पुढे तिथेच शिकवलं. गठ्ठा संपेना. शहात्तरला त्या वेळच्या हेडमास्तरांनी सगळ्या फॉर्मवर ओंडो मारलं. तरी संपेना. शहाण्णवनंतर आमच्या हेडमिस्ट्रेसनी एकेक फॉर्म पुन्हा दुरुस्त केला. कागद फेकायचा नाही, आणि सही केल्याशिवाय रेघ मारायची नाही. फार कडक बाई होत्या. आम्ही सगळ्या घाबरायचो त्यांना."

मी मनातल्या मनात त्या हेडमिस्ट्रेसना नमस्कार केला. आणि एवढ्यात मला नियमाचा दुसरा भाग आठवला.

नियम असा आहे: खाडाखोड असलेला दाखला अग्राह्य. पुढे स्वल्पविराम आहे. आणि स्वल्पविरामानंतर: दुरुस्तीशेजारी अधिकृत सही व शिक्का असल्यास ग्राह्य. एकतीस वर्षं मी स्वल्पविरामापाशीच थांबत होते. कारण तिथं थांबलं की संध्याकाळी वेळेवर घरी जाता येतं.

गुरुवारी मी आणि फोलाके विद्यापीठात हजर. रहांगडाले साहेबांनी दाखला हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा अगदी माझा झाला. दोन वर्षांपूर्वीचा माझा.

"मॅडम! तुम्ही? खाडाखोड? तुम्ही माझ्यासमोर खाडाखोड घेऊन येऊन राहिल्या?" तीस वर्षं पुण्यात काढली तरी धक्का बसला की त्यांच्या तोंडी गोंदिया येतो.

"साहेब, मी तुम्हाला अर्धाच नियम शिकवला होता. माझी चूक. उरलेला अर्धा आज शिकवते." मी नियम काढून त्यांच्यासमोर ठेवला. स्वल्पविरामावर बोट ठेवलं. "दोन रेघा, दोन सह्या, दोन शिक्के. मोजा."

त्यांनी मोजले. पुन्हा मोजले. मग खुर्चीत मागे रेलले. "सही आहे. मान्य. पण ही सही कुणाची, ती व्यक्ती कोण, मला काय माहीत? उद्या ऑडिटवाले विचारतील, परदेशातल्या कोणा बाईनं राज्य खोडून दुसरं लिहिलं आणि तुम्ही मान डोलावलीत? एखादं आपल्याकडचं उदाहरण, प्रिसिडन्ट काही आहे का? म्हणजे असं कधी मान्य केलंय आपण?"

प्रिसिडन्ट म्हणजे आधीचं उदाहरण. सरकारी ऑफिसात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करायला कोणी तयार नसतं. दुसऱ्यांदा करायला सगळे तयार असतात.

मी डोकं खाजवत होते, आणि समोर त्यांच्या टेबलावरची छोटी पाटी दिसत होती. रहांगडाले. या आडनावाचा पुण्यात दुसरा माणूस मला माहीत नव्हता. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला.

"साहेब," मी म्हणाले, "आपण मूळचे कुठले?"

पुण्यात हा प्रश्न एवढ्या लोकांनी एवढ्या वेळा विचारलाय की त्यांनी उत्तर यांत्रिकपणे दिलं. "तिरोडा. जिल्हा गोंदिया."

"जन्म?"

"तिरोड्यातच. अडुसष्ट."

"अडुसष्टला गोंदिया जिल्हा होता?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. फोलाके आमच्या तोंडांकडे बघत होती. तिला शब्द कळले नसतील, पण काहीतरी शिजतंय हे तिला कळलं.

"भंडारा होता," साहेब सावकाश म्हणाले. "पण माझं वेगळं आहे मॅडम. माझा जिल्हा बदलला, मी थोडाच..." आणि ते थांबले. स्वतःचंच वाक्य स्वतःला ऐकू आलं की माणूस असा थांबतो.

"नव्याण्णव साली," मी म्हणाले, "गोंदिया जिल्हा झाला तेव्हा आस्थापना विभागात कोणी पेढे वाटले होते? तुम्हीच ना? आणि माझ्या टेबलापाशी येऊन म्हणालात, मॅडम, सर्व्हिस बुकात माझा गृहजिल्हा दुरुस्त करा. मी म्हटलं, कशाला? तुम्ही म्हणालात, आमचा आहे आता, करा जी. आठवतंय?"

त्यांना आठवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सर्व्हिस बुक म्हणजे कर्मचाऱ्याची नोकरीची वही. रुजू होण्यापासून निवृत्तीपर्यंत सगळं त्यात. गृहजिल्हा म्हणजे घरचा, मूळ जिल्हा. फोलाकेच्या देशातही असाच रकाना असतो म्हणे, 'स्टेट ऑफ ओरिजिन'. जन्म कुठंही होवो, तुमची माणसं कुठली, ते त्यात लिहायचं.

"मागवा तुमचं सर्व्हिस बुक," मी म्हणाले. "खालच्या मजल्यावरच तर आहे."

वीस मिनिटांत ते आलं. साहेबांनी पहिलं पान उघडलं. गृहजिल्हा: 'भंडारा', त्यावर आडवी रेघ, वर 'गोंदिया', शेजारी सही आणि आस्थापनेचा शिक्का. सही माझी. अक्षर जरा घाईचं होतं. बहुधा तोंडात पेढा होता.

साहेबांनी ते पान फोलाकेच्या दाखल्याशेजारी ठेवलं. दोन कागद, एक तिरोड्याचा, एक अडो-एकिटीचा, आणि दोन्हीकडे रेघेशेजारी सही. मग हसायला लागले. असे हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले.

"माझा मोठा भाऊ पंचावन्नचा," ते डोळे पुसत म्हणाले. "तेव्हा आमचं तिरोडा मध्य प्रदेशात. बहीण अठ्ठावन्नची, ती मुंबई राज्यात. मी महाराष्ट्रात, जिल्हा भंडारा. माझी पोरगी दोन हजारची, जिल्हा गोंदिया. एकाच घरात, मॅडम! आणि मी या पोरीला म्हणतो, दोन राज्यांत जन्म कसा!"

मी फोलाकेला इंग्रजीत सांगितलं. ती उठली, साहेबांसमोर दोन्ही गुडघे टेकले, आणि म्हणाली, "थँक यू, सर. वेलकम टू माय फॅमिली."

"अहो उठा जी, उठा! हे काय!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांनी फाईल ओढली आणि शेरा लिहिला. तो शेरा मी जपून ठेवलाय, कारण एवढा चांगला शेरा त्यांनी पूर्वी लिहिला नव्हता: 'राज्य बदलले आहे. गाव तेच व विद्यार्थिनी तीच आहे. दुरुस्त्या सही-शिक्क्यासह ग्राह्य. आईच्या जन्मस्थळाचे राज्य त्या काळी अस्तित्वात होते. आधीचे उदाहरण: या कार्यालयातील सर्व्हिस बुक.' नाव मात्र लिहिलं नाही. तेवढा धोरणीपणा त्यांच्यात अजून आहे.

शुक्रवारी दुपारी अडीचला निकाल मोकळा झाला. तीनला मार्कशीट मिळाली. स्कॅन करून फोलाकेनं पॉलिटेक्निकला पाठवली, तेव्हा तिकडे सकाळचे साडेदहाच वाजले होते. साडेचार तास मी तिला उगीच दिले नव्हते. अर्ध्या तासात उत्तर आलं. जागा तिची झाली. तिनं जगतापला मिठी मारली, जगताप लाजून स्टोअररूममध्ये गेला.

जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या कॉलेजचं लिव्हिंग सर्टिफिकेट, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, घ्यायला आली. जगतापनं तो मोठ्या प्रेमानं तयार करून ठेवला होता. मी तो तिच्या हातात दिला. तिनं बघितला, आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"काय झालं?"

"खाडाखोड, मा."

मी चष्मा लावला. वर छापलेलं होतं, 'मु. पो. वाघोली, ग्रामपंचायत वाघोली'. त्यावर जगतापनं पट्टीनं सरळ रेघ मारून 'पुणे महानगरपालिका हद्द' असं लिहिलं होतं.

"जगताप!"

"मॅडम, जुन्या फॉर्मचा गठ्ठा हाय ना अजून," तो आतून म्हणाला. "संपंना झालाय."

फोलाकेनं पेन माझ्याकडे पुढे केलं. हसत नव्हती. अगदी तपासणी क्लार्कच्या चेहऱ्यानं म्हणाली, "सही, मा. रेघेशेजारी. आणि शिक्का."

मी सही केली, शिक्का मारला आणि तिला दाखला दिला. तिनं सही नीट वाचून बघितली, मगच तो फोल्डरमध्ये ठेवला. दोन वर्षांत मी तिला शिकवलं त्यापेक्षा तिनं मला जास्त शिकवलं, पण हे मी तिला सांगितलं नाही; लेक्चररांना उगाच चढून बसतं. तेव्हापासून माझ्या डेस्कवर खाडाखोडीचा कागद आला की मी तो परत करत नाही. आधी बघते, रेघेशेजारी सही कोणाची आहे.